डुप्लिकाटी जुन्या आवृत्तीवर परत न्यायचंय? आधी डेटाबेस सांभाळा

नवी आवृत्ती टाकल्यापासून बॅकअप अडला की मनात पहिलं येतं ते हेच: ही काढू, जुनी टाकू, विषय संपला. बाकीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो खरंच संपतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथून सुरू होतो. जुना प्रोग्राम परत आला तरी त्याची सगळी नोंद ठेवणारा डेटाबेस नव्या आवृत्तीने बदललेला असतो. शिवाय पलीकडे, क्लाउडवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, नव्या आवृत्तीने केलेले बॅकअपही पडलेले असतात. प्रोग्राम, डेटाबेस आणि साठा या तिघांचा मेळ बसवणं हे खरं काम आहे. इन्स्टॉलर चालवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

इथे उदाहरण घेतलंय डुप्लिकाटीचं. मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि लहान ऑफिसांत टॅलीचा फोल्डर किंवा स्टुडिओतले फोटो रात्री गूगल ड्राइव्हवर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर) पाठवायला पुष्कळ लोक ते वापरतात. त्यातही २.१ मालिकेवरून २.०.८.१ वर परत येणं, एवढंच समोर ठेवलंय. २.०.८.१ ही मे २०२४ मधली बीटा आवृत्ती. त्यानंतरच्या २.१ मध्ये आतून बरंच काही बदललं. प्रोग्राम डॉटनेट ८ वर (प्रोग्राम ज्याच्या आधाराने चालतो त्या मायक्रोसॉफ्टच्या पायावर) आला, लिनक्स-मॅकवर त्यासाठी लागणाऱ्या मोनो या वेगळ्या पॅकेजची गरज गेली, ब्राउझरमधून लॉगिन करण्याची पद्धत नव्याने लिहिली गेली आणि डेटाबेसची रचनाही पुढे सरकली. परत येताना त्रास देतो तो हा शेवटचा बदल.

आधी ठरवा, परत जायलाच हवं का?

काही कारणं रास्त आहेत. ऑफिसात विंडोज ७ वरचं जुनं मशीन अजून चालू आहे आणि डॉटनेट ८ ला त्या विंडोजवर अधिकृत आधार नाही, हे एक. नव्या आवृत्तीत तुमच्याच वापरातली एखादी गोष्ट बिघडली आणि दुरुस्ती अजून आलेली नाही, हे दुसरं. ‘कॅनरी’ चॅनलची आवृत्ती चुकून टाकली गेली, हे तिसरं. डुप्लिकाटीचे चार चॅनल आहेत: स्टेबल, बीटा, एक्सपेरिमेंटल आणि कॅनरी. कॅनरी म्हणजे बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी सोडलेलं ताजं काम. ते रोजच्या मशीनवर नसावं.

काही दुखणी मात्र जुन्या आवृत्तीने बरी होत नाहीत. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडणी होत नसेल आणि लॉगमध्ये ‘ऑथ-आयडी’, ‘टोकन’ असे शब्द दिसत असतील, तर दोष परवानगीच्या चावीत आहे. जॉब, म्हणजे काय कुठे पाठवायचं ते ठरवलेलं बॅकअपचं एक काम, एडिट करून डेस्टिनेशनच्या पानावर ती चावी नव्याने काढा आणि ‘टेस्ट कनेक्शन’ दाबून बघा. डेस्टिनेशनची जागा भरली असेल, एनएएसचा पासवर्ड बदलला असेल, तर जुनी आवृत्तीही तिथेच ठेचकाळणार. म्हणून जॉबच्या ‘शो लॉग’मध्ये जाऊन लाल ओळीवर क्लिक करा आणि पूर्ण मजकूर वाचा. पहिली ओळ बहुधा निरुपयोगी असते, कामाचं कारण खाली दडलेलं असतं.

कुठे काय असतं ते समजून घ्या

डुप्लिकाटीचे डेटाबेस दोन प्रकारचे असतात, आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

पहिला सेटिंगचा डेटाबेस. फाइलचं नाव ‘डुप्लिकाटी-सर्व्हर’, शेवटी ‘एसक्यूलाइट’. त्यात तुमचे सगळे जॉब, वेळापत्रक, डेस्टिनेशनचे पत्ते, पासवर्ड. ही फाइल एकच असते.

दुसरा जॉबचा लोकल डेटाबेस. दर जॉबला एक, आणि नाव म्हणजे दहाएक इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग. कुठल्या फाइलचे कुठले तुकडे पलीकडे कुठल्या संचात ठेवलेत याची वही म्हणजे हा डेटाबेस. तो हरवला तर साठ्यावरून पुन्हा बनवता येतो. वेळ जातो, पण येतो. उलट साठा गेला तर या डेटाबेसचा काही उपयोग नाही.

पलीकडे साठ्यात तीन तऱ्हेच्या फाइल दिसतील. डीब्लॉकमध्ये खरा माल, डीइंडेक्समध्ये कुठल्या डीब्लॉकात काय आहे त्याची सूची आणि डीलिस्टमध्ये त्या-त्या दिवशीच्या फाइलींची यादी. एका डीब्लॉकचा ठरलेला आकार ५० एमबी. म्हणजे २०० जीबीच्या साठ्यात साधारण चार हजार डीब्लॉक आणि तितकेच डीइंडेक्स. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट: पासफ्रेज, म्हणजे साठ्याच्या कुलपाचा पासवर्ड. साठा एईएस-२५६ ने कुलूपबंद असतो आणि पासफ्रेज गेला तर कुठलीच आवृत्ती तो उघडू शकत नाही. बनवणाऱ्यांकडेही त्याची दुसरी चावी नाही. पुढची एकही पायरी चढण्याआधी तो कागदावर लिहिलेला तुमच्यासमोर असला पाहिजे. ‘सेव्ह केलेला आहे की’ असं म्हणू नका. जिथे सेव्ह केलाय तोच डेटाबेस आपण हलवणार आहोत.

दुसऱ्या मशीनवर रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. मूळ मशीनला हात लावण्याआधी दुसऱ्या एखाद्या संगणकावर २.०.८.१ टाका. तिथे ‘रिस्टोअर’मध्ये जाऊन ‘डायरेक्ट रिस्टोअर फ्रॉम बॅकअप फाइल्स’ निवडा, तुमच्या खऱ्या साठ्याचा पत्ता द्या, पासफ्रेज द्या आणि सगळ्यात अलीकडच्या तारखेतली दोन-चार फाइल उतरवून बघा. नव्या आवृत्तीने केलेला बॅकअप जुनीला वाचता येतो की नाही, याचं उत्तर इथेच मिळतं, आणि मूळ मशीनवर काहीच बिघडत नाही. या दुसऱ्या मशीनवर त्या साठ्यासाठी जॉब मात्र बनवू नका. एकाच फोल्डरवर दोन मशीन लिहायला लागली की गोंधळ झालाच.

जिज्ञासा असेल तर साठ्यातली एक डीलिस्ट फाइल घरी आणून उघडून पाहा. वरचं कुलूप ‘एईएस क्रिप्ट’ या स्वतंत्र साधनाने पासफ्रेज देऊन निघतं, कारण डुप्लिकाटी कुलूपबंद फाइलींसाठी त्याचीच मांडणी वापरतं. आत साधी झिप फाइल असते. त्या झिपमध्ये ‘मॅनिफेस्ट’ नावाची छोटीशी मजकुराची फाइल आहे. तिच्यात मांडणीचा क्रमांक २, बनवल्याची वेळ, ब्लॉकचा (फाइलीच्या एका तुकड्याचा) आकार, हॅशची (तुकडे पडताळायच्या खुणेची) पद्धत आणि शेवटी ती कुठल्या आवृत्तीने लिहिली तेही असतं. ब्लॉकचा आकार १०२४०० दिसला तर तो १०० केबी, म्हणजे जॉब जुन्या ठरावीक मापाने सुरू झालेला. १०४८५७६ दिसला तर १ एमबी: २.१ मध्ये नव्या जॉबसाठी हे माप वाढवण्यात आलं. एकदा सुरू झालेल्या जॉबचं हे माप बदलता येत नाही. जुन्या आवृत्तीत जाऊन ‘पूर्वी १०० केबी होतं, तेच टाकू’ म्हणून हाताने आकडा भरलात तर प्रोग्राम साफ नकार देईल. तो रकाना रिकामाच ठेवा, डेटाबेसमधून तो स्वतः माप उचलतो.

मूळ मशीनवर: थांबवा, काढून घ्या, प्रत करा

आता खरं काम. वर ‘पॉज’चं बटण दाबून वेळापत्रक थांबवा. एखादा जॉब चालू असेल तर तो संपू द्या, मध्येच तोडू नका.

‘अबाउट’च्या पानावर जाऊन सध्याची आवृत्ती पूर्ण आकड्यासह लिहून ठेवा. प्रत्येक जॉबच्या ‘अॅडव्हान्स्ड’खाली ‘डेटाबेस’ आहे. तिथे लोकल डेटाबेसचा पूर्ण पत्ता दिसतो. कुठल्या जॉबची कुठली फाइल, ही यादी कागदावर करा. त्या अक्षरांच्या रांगांवरून नंतर काहीच उमगत नाही. डेटाचा फोल्डर नक्की कुठे आहे तेही इथेच कळतं. प्रोग्राम तुमच्या नावाने चालत असेल तर तो तुमच्या यूजर फोल्डरात असतो. विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर विंडोजच्याच सिस्टिम प्रोफाइलमध्ये कुठेतरी खोल असू शकतो. अंदाज करण्यापेक्षा पडद्यावरचा पत्ता घ्या.

मग प्रत्येक जॉबचा ‘एक्स्पोर्ट’ काढा. ‘टू फाइल’ निवडा, पासवर्ड सोबत घेण्याचा पर्याय चालू ठेवा आणि फाइल एन्क्रिप्ट करा. एन्क्रिप्ट न करता काढली तर ती साधी मजकुराची फाइल होते आणि तिच्यात पासफ्रेज उघडा दिसतो. अशी फाइल डेस्कटॉपवर टाकून किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून ठेवणारे लोक असतात. तुम्ही त्यांतले होऊ नका.

यानंतर डुप्लिकाटी पूर्ण बंद करा. ट्रेमधल्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘क्विट’. सर्व्हिस असेल तर सर्व्हिसेसच्या यादीतून ‘स्टॉप’. टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव उरलेलं नाही याची खात्री करा. चालू डेटाबेसची प्रत अर्धवट निघू शकते. आता तो पूर्ण डेटा फोल्डर, आतल्या लहानसहान फाइलींसकट, दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि फोल्डरच्या नावात तारीख आणि आवृत्ती घाला. पुढे काहीही बिनसलं तर हा फोल्डर जागेवर ठेवून नवी आवृत्ती टाकली की तुम्ही आज जिथे आहात तिथे परत येता.

जुना इन्स्टॉलर

तो फक्त डुप्लिकाटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा गिटहबवरच्या त्यांच्या रिलीजच्या पानावरून घ्या. फाइलच्या नावातच आवृत्ती, चॅनल आणि तारीख असते. २.०.८.१, बीटा, २०२४-०५-०७ असं ते दिसेल. ‘जुन्या आवृत्त्या मोफत’ म्हणून मिरवणाऱ्या भलत्या साइटवरून बॅकअपचं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे घरभरच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात देणं.

विंडोजवर नव्यावर जुनी थेट बसवू नका. आधी कंट्रोल पॅनेलमधून नवी काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग जुनी टाका. टाकल्यावर प्रोग्राम आपोआप सुरू होणार असेल तर ते टाळा, डेटाबेस अजून जागेवर आणायचे आहेत.

विंडोजवर अजून एक खाच आहे. २.० मालिका स्वतःला अपडेट करायची तेव्हा नवी आवृत्ती मूळ जागी न टाकता ‘अपडेट्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात उतरवायची आणि सुरू होताना त्यातली सगळ्यात नवी उचलायची. त्या फोल्डरात जुना गाळ उरला असेल तर तुम्ही टाकलेली आवृत्ती एक आणि चालणारी दुसरी, असं होतं. टाकून झाल्यावर ‘अबाउट’मध्ये भलताच आकडा दिसला तर कारण हेच. तो ‘अपडेट्स’ फोल्डर यूजरच्या डेटा फोल्डरात किंवा प्रोग्रामडेटामध्ये शोधा, दुसरीकडे हलवा, पुन्हा सुरू करा.

लिनक्सवाल्यांना मोनो परत लागेल. २.१ आल्यावर ‘आता नको’ म्हणून काढून टाकला असेल तर २.०.८.१ सुरूच होणार नाही. डेबियन-उबंटूवर पॅकेजची फाइल थेट देऊन एपीटीने बसवा, ते मोनो स्वतः ओढून घेतं. जुन्यावर जाताना ते तसं सांगून होकार विचारेल, आणि आपोआप ‘हो’ म्हणणारा पर्याय दिला असेल तर अडून ‘अलाऊ डाउनग्रेड्स’ हा पर्याय मागेल. नंतर ‘एपीटी-मार्क होल्ड’ करून पॅकेज जागेवर धरून ठेवा. डॉकरवर सगळं सोपं: कंटेनर थांबवा, बाहेर जोडलेल्या डेटा फोल्डरची प्रत काढा, इमेजच्या टॅगमध्ये ‘लेटेस्ट’ऐवजी नेमकी आवृत्ती लिहा. डेटाबेसची भानगड मात्र तिथेही तशीच आहे.

डेटाबेस

जुनी आवृत्ती तशीच सुरू केलीत तर ती उठणार नाही. संदेशाचा आशय असा असतो: डेटाबेसची आवृत्ती अमुक आहे, मला फार तर तमुकपर्यंत कळतं, बहुधा तुम्ही अपग्रेड करून परत आला आहात, तसं असेल तर आधीच्या डेटाबेसची प्रत या फोल्डरात सापडेल. संदेश घाबरवणारा वाटतो, पण प्रामाणिक आहे. प्रत खरंच असते. नवी आवृत्ती डेटाबेस बदलण्याआधी जुन्याची एक नक्कल त्याच फोल्डरात ठेवते. नावाच्या सुरुवातीला ‘बॅकअप’, मग मूळ नाव, मग तारीख-वेळेची सलग आकड्यांची माळ. ज्या दिवशी तुम्ही अपग्रेड केलं त्या तारखेची माळ शोधायची. अनेकदा अपग्रेड केलं असेल तर अशा अनेक प्रती असतील. २.०.८.१ सोडून २.१ वर गेलात त्या दिवसाची हवी.

सेटिंगच्या डेटाबेसचं काम सरळ आहे. सध्याच्या ‘डुप्लिकाटी-सर्व्हर’ फाइलच्या नावापुढे ‘नवी’ असं काहीतरी जोडून ती बाजूला करा. बॅकअपवाल्या प्रतीची अजून एक प्रत काढा आणि तिला मूळ नाव द्या. प्रोग्राम सुरू करा. ब्राउझरमध्ये ८२०० पोर्टवर जुनं पान उघडलं आणि जॉबची यादी दिसली की झालं. अपग्रेडनंतर बनवलेले जॉब त्यात नसतील, बदललेले पासवर्डही जुनेच असतील. मघाशी काढलेल्या एक्स्पोर्टचा उपयोग इथे. ‘अॅड बॅकअप’मधून फाइल इम्पोर्ट करा. नव्या आवृत्तीतच आलेला एखादा पर्याय त्यात असेल तर जुनी तो ओळखत नाही, तसा इशारा देते आणि सोडून देते. त्या इशाऱ्याला घाबरू नका, पण पर्याय कोणता ते वाचा.

जॉबच्या लोकल डेटाबेसचं काम सरळ नाही. इथे सावकाश वाचा.

त्याचीही जुनी नक्कल फोल्डरात आहे. मोह होतो की सेटिंगचं केलं तसंच याचंही करावं. तसं करायची परवानगी एकाच परिस्थितीत: अपग्रेड केल्यापासून त्या जॉबचा एकही बॅकअप चाललेला नसेल तर. एकदाही चालला असेल तर साठ्यात अशा फाइल आहेत ज्यांची जुन्या डेटाबेसला गंधवार्ता नाही. जॉब चालवला की तो म्हणेल, पलीकडे इतक्या-इतक्या फाइल सापडल्या ज्यांची इथे नोंद नाही, कृपया रिपेअर चालवा. आणि हे ‘कृपया’ ऐकून तुम्ही रिपेअर दाबलंत की जुना डेटाबेस स्वतःला खरा मानून त्या अनोळखी फाइल साठ्यातून पुसू शकतो. म्हणजे अपग्रेडनंतरचे सगळे बॅकअप गेले. प्रोग्रामनेच सुचवलेला उपाय प्रोग्रामचंच काम उडवतो. नवख्या माणसाने संदेशावर विश्वास ठेवला तर त्याचा काय दोष?

म्हणून नियम साधा ठेवा. मधल्या काळात बॅकअप झालाय किंवा झाला की नाही याची खात्री नाही, तर जॉबच्या डेटाबेसची जुनी नक्कल वापरायचीच नाही. सध्याची लोकल डेटाबेसची फाइल नाव बदलून बाजूला करा, जागा रिकामी ठेवा, मग प्रोग्राममध्ये जॉबच्या ‘डेटाबेस’ पानावर जा. फाइल नसताना तिथे ‘रिपेअर’ दाबलं की तो साठ्यावरून डेटाबेस नव्याने बांधतो. फाइल असेल तर हेच काम ‘रिक्रिएट’ या बटणाने होतं. दोन्हींत जुनं काही उरत नाही. साठा जे सांगतो तेच खरं धरलं जातं. ‘रिपेअर’ बटण एकच आणि फाइल असताना-नसताना परिणाम उलटे, हा डुप्लिकाटीचा जुना दोष आहे. फाइल जागेवर आहे की नाही ते पाहिल्याशिवाय ‘रिपेअर’ला हात लावू नका.

रिक्रिएटला लागणारा वेळ साठ्यावर आणि इंटरनेटवर अवलंबून. सगळं ठीक असेल तर तो फक्त डीलिस्ट आणि डीइंडेक्स आणतो. त्या लहान असतात, पण २०० जीबीच्या साठ्यात त्याच चार हजार आहेत आणि दर फाइलीमागे डेस्टिनेशनला एक फेरी. प्रगतीची पट्टी साधारण ७० टक्क्यांपर्यंत बरी सरकते. ती तिथून पुढे रांगायला लागली तर समजा की काही डीइंडेक्स गहाळ किंवा अपुऱ्या आहेत आणि तो आता खरे डीब्लॉक उतरवून त्यांत शोधतोय. यात सगळ्यात वाईट वेळी पूर्ण साठा खाली येऊ शकतो. ‘अबाउट’मधल्या ‘शो लॉग’च्या ‘लाइव्ह’ भागात पातळी ‘व्हर्बोज’ ठेवली की नेमकी कुठली फाइल येतेय ते दिसतं. दिसणाऱ्या नावात डीब्लॉक येत असतील तर रात्रभराची तयारी ठेवा, मशीन झोपी जाणार नाही असं करा आणि मर्यादित डेटाचं कनेक्शन असेल तर आत्ताच थांबा.

थांबावं लागलं तर दुसरी वाट आहे, आणि डिस्कवर जागा असेल तर मला तीच जास्त आवडते. जुन्या साठ्याला हात लावू नका. जॉबमध्ये डेस्टिनेशनचा फोल्डर नवा द्या, म्हणजे २.०.८.१ तिथे शून्यापासून बॅकअप सुरू करेल. पहिला बॅकअप मोठा होईल, पण जुना इतिहास जसाच्या तसा शाबूत राहतो आणि लागला तर ‘डायरेक्ट रिस्टोअर’ने उघडता येतो. जॉबला नवा डेस्टिनेशन देताना त्याचा लोकल डेटाबेसही नवा, रिकामा असला पाहिजे, नाहीतर तो जुन्याच फाइली नव्या जागी शोधत बसेल.

पहिल्या बॅकअपआधी परीक्षा

डेटाबेस बांधून झाला म्हणून लगेच ‘रन नाऊ’ नको. आधी ‘व्हेरिफाय फाइल्स’ चालवा. मग रिस्टोअरमध्ये जाऊन तारखांची यादी बघा: अपग्रेडनंतरच्या तारखाही दिसायला हव्यात. नंतर एखादी खरी, मोठी फाइल निवडा, समजा मार्चअखेरचा टॅलीचा डेटा, आणि ती वेगळ्या फोल्डरात उतरवा.

इथे एक बारीक गोष्ट. २.०.८.१ रिस्टोअर करताना हुशारी करतं: मूळ फाइल त्याच मशीनवर असेल तर तुकडे तिच्यातूनच उचलतं आणि साठ्याला विचारतही नाही. परीक्षा पास, पण साठा तपासलाच नाही. हे टाळायला प्रगत पर्यायांमध्ये ‘नो-लोकल-ब्लॉक्स’ चालू करा. आता प्रत्येक तुकडा पलीकडूनच येईल. उतरलेली फाइल उघडून बघा, नुसता आकार जुळला म्हणून पुढे जाऊ नका.

हे जमलं की हाताने एक बॅकअप चालवा, लॉग वाचा, मगच ‘पॉज’ काढून वेळापत्रक सुरू करा.

त्यानंतर

२.०.८.१ ‘नवी आवृत्ती आली’ अशी पट्टी दाखवत राहील, आणि ऑफिसात कोणीतरी चांगल्या भावनेने ‘इन्स्टॉल’ दाबेल. सेटिंगमध्ये अपडेट चॅनल तपासा, आणि त्या मशीनवर बसणाऱ्यांना तोंडी सांगा. तोंडी सांगणं जास्त चालतं.

जुन्या आवृत्तीची लॉगिनची व्यवस्था नव्याइतकी मजबूत नाही. सेटिंगमध्ये दूरच्या मशीनवरून प्रवेश देण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा. ८२०० चं पान त्याच मशीनवरून उघडलं पाहिजे, राउटरमधून बाहेर तर मुळीच नाही.

डुप्लिकाटी नसून दुसरं काही वापरत असाल तर पायऱ्या याच, पण एक प्रश्न आधी सोडवा: नव्या आवृत्तीने साठ्याची मांडणीच बदलली आहे का? डुप्लिकाटीच्या २.० आणि २.१ मध्ये ती बदललेली नाही, म्हणून वरचं सगळं शक्य झालं. रेस्टिक या दुसऱ्या मोफत बॅकअप प्रोग्रामचं तसं नाही. ऑगस्ट २०२२ मधल्या ०.१४ पासून त्यात कॉम्प्रेशन आलं आणि नवे साठे दुसऱ्या क्रमांकाच्या मांडणीत बनू लागले. ०.१४ च्या आधीच्या रेस्टिकला ते वाचताच येत नाहीत, आणि पहिल्यावरून दुसऱ्या मांडणीत नेलेला साठा मागे आणता येत नाही. वीम या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये नव्या आवृत्तीने काढलेला कॉन्फिगरेशनचा बॅकअप जुनीवर चढत नाही. तिथे परत जायचं तर अपग्रेडच्या आधी काढलेली प्रतच हाताशी हवी.

बाजूला ठेवलेला डेटा फोल्डर आणि ‘नवी’ नावाच्या फाइली इतक्यात पुसू नका. जुन्या आवृत्तीवर सगळ्या जॉबची एक पूर्ण फेरी होऊ द्या, साप्ताहिक आणि मासिक जॉब धरून. पुन्हा वर जायची वेळ येईल तेव्हा कॅनरी आणि एक्सपेरिमेंटल सोडा, २०२५ च्या सुरुवातीपासून स्टेबल चॅनलवर आवृत्त्या येतायत, त्यांतली घ्या. आणि त्या दिवशीही आधी एक्स्पोर्ट, मग बंद करून फोल्डरची प्रत, मग इन्स्टॉलर.